अठरा बटणांचा झगा

माझी कोमाद्रे ओतिलिया नवीन माणसाचं आधी तोंड बघायची नाही, खांदे बघायची. शाळेत नवा मास्तर आला तेव्हा आमचं सगळं सान लुकास गाव त्याला भेटायला गेलं. ही लांबूनच म्हणाली, "डावा हात लांब आहे. बाहीला त्रास देणार." तिचा स्वतःचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. चाळीस वर्षं पायमशीनवर वाकून शिवल्यामुळे तो तसाच राहिला होता. रस्त्यानं चालताना तिच्या उजव्या हातात जड बादली आहे असं वाटायचं. मी तसं म्हणायचो आणि शिव्या खायचो.

तिच्या मुलीच्या, यारेलीच्या, बाप्तिस्म्याला मी धर्मबाप, पाद्रिनो म्हणून उभा राहिलो. तेव्हापासून मी तिचा कोम्पाद्रे, ती माझी कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्याहून जड असतं. एकमेकांना अहो-जाहो करायचं, तोंडावर वाटेल ते ऐकवायचं, आणि पोरीवर वेळ आली तर पाठ दाखवायची नाही. ओतिलियाचा नवरा उत्तरेला शिकागोला गेला तो गेलाच. घरात मायलेकी आणि मशीन.

आणि दारात डोन्या रोसिता, आमचा डोंगर. नकाशावर तिचं नाव इस्तासिवात्ल आहे आणि पर्यटक ते म्हणताना जीभ चावून घेतात. आम्ही तिला डोन्या रोसिता म्हणतो. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, मध्ये छाती, पोट, गुडघे, वरून पांढरं पांघरूण, अशी ती उताणी पडलेली आहे. संध्याकाळी तिच्यावर गुलाबी ऊन येतं तेव्हा माझ्यासारखा कोरडा माणूससुद्धा हातातलं काम ठेवून बघत बसतो. मी वाटाड्या आहे, दोनशे वेळा तरी तिच्या अंगावर चढून उतरलो असेन. तिच्याइतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि तिच्याकडे पाठ करून मी कधी झोपलेलोही नाही.

ऑगस्टच्या तीस तारखेला तिचा सण. गुडघ्यांच्या वर, पोटाखाली एक गुहा आहे. तिथं आम्ही फळं नेतो, मोले म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा घालून कोंबडी नेतो, कंगवा, आरसा आणि नवा झगा. गुहेच्या आत जायचा अधिकार फक्त दोघांना, डॉन फिदेन्सिओला आणि झगा शिवणारणीला. फिदेन्सिओ आमचा गारपीट अडवणारा. त्याच्या अंगावर दोनदा वीज पडली आणि दोन्ही वेळा तो उठून घरी जेवायला गेला, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. झगा एकतीस वर्षं ओतिलिया शिवत होती, पण ज्या बाईसाठी शिवायचं तिच्या घरी ती एकदाही गेली नव्हती. पाइनच्या झाडांच्या वर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या झग्याचा नियम एकच. जिवंत माणसाच्या मापाचा बेतायचा नाही. खांद्यापासून खाली नऊ विती, रुंदीला पाच, कंबर नाही, टक्स नाहीत, गळ्याला नाडी. थोडक्यात पोतं. का, तर फिदेन्सिओ म्हणायचा, "कपडा दिला की माप दिलं. माप दिलं की अंग दिलं."

त्या वर्षीच्या मे महिन्यात क्रूसाच्या सणाला शेजारच्या गावच्या बायका भेटल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुमची रोसिता पोत्यातच निजते ना हो? आमच्याकडे असती तर आम्ही तिला बाई समजून शिवलं असतं." मी हे घरी येताना ओतिलियाकडे थांबून तिला सांगितलं. हसत हसत सांगितलं. आज मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "कोण म्हणालं?"

"जाऊ द्या हो, कोमाद्रे. बायकांची जीभ."

"एकतीस वर्षं झाली, कोम्पाद्रे. या दरीतल्या निम्म्या पोरी माझ्या हातच्या झग्यात लग्नाला उभ्या राहिल्यात. आणि आख्ख्या डोंगरासमोर माझ्या नावावर काय आहे? पोतं."

"मग काय, रोसिताला टेप लावायला जाता?"

"तुम्ही तुमच्या खेचराचं बघा," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

ऑगस्टमध्ये तिनं माझ्या हातात पुठ्ठ्याचा खोका दिला. त्याला रिबीन बांधलेली होती. दर वर्षी कागदात गुंडाळून द्यायची. मी विचारलं, तर म्हणाली, "उघडू नका, चुरगळेल." ऑगस्टमध्ये वाट मोकळी असते. आम्ही बाराजण गेलो, फिदेन्सिओ खोका घेऊन आत गेला, तसाच ठेवून बाहेर आला. उघडून कोणीच बघितलं नाही.

यारेली तेव्हा चौदा वर्षांची होती. जानेवारीत तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याकडे मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाची रंगीत तालीमच, चर्च, बँड, सगळं गाव जेवायला. ओतिलिया तिचा आकाशी झगा जुलैपासून शिवत होती. पोरगी तोंडाळ, फुटबॉल खेळणारी, उभ्या उभ्या चार तोर्तिया खाणारी. झगा अंगावर चढवायचा म्हटलं की पळून जायची.

सप्टेंबरपासून पळायची थांबली. अंगात स्वेटर, वर शाल, तरी हात गार. आकाशी झगा कमरेत दोन बोटं सैल झाला. ओतिलियानं आत घेतला, पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन बोटं सैल. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्या. पोरगी गोळ्या खायची आणि झोपायची. कुशीवर नाही, उताणी. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, हात पोटावर. खाट फिरवून ठेवली तर सकाळी पोरगी खाटेवर आडवी, पण डोकं उत्तरेलाच.

ऑक्टोबरच्या शेवटी मी मृतांच्या सणाचे पाव घेऊन त्यांच्याकडे गेलो. दुपार होती. ओतिलिया मशीनसमोर नुसतीच बसली होती.

"दार लावा, कोम्पाद्रे."

मी लावलं.

"रोसिताचा झगा मी यारेलीच्या कागदावर बेतला."

शिवणारे लोक माप कागदावर कापून ठेवतात, तो कागद. मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खाली बसलो.

"टेप नाही लावली मी," ती घाईघाईनं म्हणाली. "व्हर्जिनची शपथ, टेप नाही लावली. कागद समोर होता. एकदा तरी बाईसारखा शिवावा वाटलं. कंबर घेतली, मुंढे नीट बसवले. गळ्यापासून कमरेपर्यंत अठरा बटणं लावली, सगळी त्याच कापडानं मढवलेली. कोम्पाद्रे, असा झगा मी जन्मात शिवला नव्हता." आणि मग तिला रडू फुटलं. "पोरीचं माप आठवड्याला दोन-दोन बोटं जातंय. कुठं जातंय ते मला माहीत आहे."

मी अंगणात आलो. दोन दिवस वादळ होऊन त्या सकाळीच आभाळ उघडलं होतं आणि रोसिता नव्या बर्फात पडली होती. तीस वर्षं मी तिच्याकडे बघतोय. तिला कंबर नाही. छातीखाली सरळ पोट सुरू होतं. त्या दिवशी तिला कंबर होती. बर्फ दोन्ही बाजूंनी आत ओढलं गेलं होतं. आणि गळ्यापासून खाली काळ्या खडकांची एक ओळ बर्फातून वर आली होती, सारख्या अंतरावर. मी मोजले. अठरा. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजायला लागलो, तर ढग आला.

पर्यटकांनी विचारलं तर मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी मला विचारायला कोणी पर्यटक नव्हता. मी फिदेन्सिओकडे पळालो आणि त्याला ओतिलियाच्या घरी घेऊन आलो.

तो ओतिलियाला एक शब्द रागावून बोलला नाही, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाला, "ज्या हातानं बेतलं त्या हातानंच उसवायचं. तिथं, तिच्यासमोर. आणि तिला उघडी ठेवून यायचं नाही. दुसरा झगा घालून यायचं."

"कसला?" ओतिलियानं विचारलं.

"शिवणारीण तू आहेस. मी फक्त गारा अडवतो." मग माझ्याकडे वळला. "लवकर न्या. पोरीचं माप संपलं की ती उठणार नाही."

ओतिलियानं दोन दिवस दार लावून शिवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नऊ वितींचं पोतंच आहे. झालं समाधान?"

फिदेन्सिओच्या बायकोला यारेलीजवळ बसवून आम्ही पहाटे निघालो. शेवटच्या पाइनपर्यंत ओतिलियाला खेचरावर बसवलं. उजाडलं तेव्हा पिवळ्या गवताच्या झुबक्यांवर दहिवर गोठलं होतं. मी खेचर बांधलं आणि तिला वरचे नियम सांगितले: शीळ घालायची नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही.

"पोरीचंही नाही?"

"तिचं तर मुळीच नाही."

पावलांपासून गुडघ्यांपर्यंतची वाट माझ्या पायाखालची आहे. मात्र अठ्ठावन्न वर्षांची, आयुष्यभर खुर्चीत बसून शिवलेली बाई घेऊन मी ती कधी चढलो नव्हतो. आधी भुसभुशीत राखेचा उतार लागतो. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. तिथंच तिचा श्वास संपला. ती चार पायांवर चढायला लागली. मी हात दिला तर झिडकारला. "मला ओढू नका. मी काय कापडाचा तागा आहे?"

राख संपली की बर्फ. मी तिच्या रबरी बुटांना माझे लोखंडी काटे बांधले, स्वतःच्या बुटांना काथ्याचा दोर गुंडाळला, आणि दोघांच्या कमरेला एक दोर. बर्फ मांडीपर्यंत होतं. मी पाय रोवून खड्डा करायचो, ती त्या खड्ड्यात पाय टाकायची. तीन पावलं, मग थांबायचं. ओठ निळे, डोकं फुटेल इतकं दुखणारं, एकदा ती बाजूला वळून ओकली. मी म्हटलं, परतू या, उद्या बघू. तिनं तोंड पुसलं. "उद्याचं माप कोणी पाहिलंय? चला."

गुडघ्यांवर पोचलो तेव्हा धुकं आलं. तिथं तिनं दोर ओढला.

आमच्या डाव्या हाताला बर्फात पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, नुकतीच. खालून आलेली नव्हती. मधूनच सुरू झाली होती आणि वर जात होती. मी म्हटलं कोणी जनावर असेल. ओतिलियानं गळ्यातली टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि एका पावलाला लावली. मी अडवायच्या आत लावली.

"बावीस," ती म्हणाली. "अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे. हा पाय मी धुतलाय, कोम्पाद्रे."

आमच्या समोर, दोन हातांवर, आणखी एक पाऊल उमटलं. तिथं कोणी नव्हतं. बर्फ नुसतं दबलं.

मी घाबरलो. सरळ सांगतो, मला खाली पळायचं होतं. कमरेला दोर नसता तर पळालो असतो. ती उठली आणि त्या पावलांशेजारून चालायला लागली. एवढा वेळ मी तिला ओढत होतो, आता ती मला ओढत होती. आणि धुक्यात वरून आवाज येत होता, वाऱ्याचा नव्हे. पायमशीनचा. ठक-ठक-ठक, थांबायचं, पुन्हा ठक-ठक. तिनंही ऐकला. "टाके फार जवळ घालतेय," ती पुटपुटली. "सुई मोडेल तिची."

पावलं गुहेच्या तोंडाशी जाऊन थांबली. मला आत जायचा अधिकार नव्हता. मी दोर सोडला आणि बाहेर बर्फात बसलो. आवाज बंद झाला.

मग मला ओतिलिया बोलताना ऐकू आली. रडवेल्या सुरात नव्हे, गिऱ्हाइकाशी बोलायची तशी.

"वर करा हात. असे नाही, सैल सोडा. हां. हा काढू या आधी. घट्ट होतोय की नाही छातीत? होणारच. पोराटकीचं माप ते, तुम्हाला कसं बसेल?" कात्रीचा आवाज. एक-एक टाका तुटत होता. "हलू नका, टोचेल. आता हा बघा. श्वास सोडा, बाई, पोट आत घेऊ नका, माझ्यापासून काय लपवायचंय? ... सैल आहे ना? सैलच हवा. तुमचं वय काय, माझं वय काय."

आणि मग कापड सळसळलं, खूप मोठं कापड. माझ्या खालचं बर्फ अंगाखाली पांघरूण सरकावं तसं एक बोट सरकलं. माझ्या तोंडातून प्रार्थना निघेना, सगळ्या प्रार्थना विसरलो होतो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात झग्याचे सुटे तुकडे होते आणि ओठांत टाचण्या धराव्यात तशी बटणं. तिनं ती हातावर काढली. सतरा निघाली.

"एक देईना," ती म्हणाली. "म्हटलं, ठेव."

उतरताना धुकं गेलं. डावीकडे आमच्या शेजारी कसल्याच खुणा नव्हत्या. ती भराभरा उतरत होती, मला हळू चालतो म्हणून टोमणे मारत होती. तिला थंडी वाजत नाहीये हे मला तेव्हा बरं लक्षण वाटलं. अक्कल असती तर कळलं असतं.

घरी यारेली कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. फिदेन्सिओच्या बायकोनं सांगितलं की दुपारपर्यंत तिच्या तळव्यांतून पाणी गळत होतं, चादर भिजली, मग एकदम थांबलं. पोरगी उठली आणि घेवड्याबरोबर सहा तोर्तिया खाल्ल्या. डाव्या पायाची करंगळी तेवढी पांढरी राहिली, आजही आहे. ती म्हणते त्यात काही जाणवत नाही.

जानेवारीत पंधरावं झालं. आकाशी झगा मूळच्या मापावर आणला आणि तो पोरीला असा बसला की बायका जेवण सोडून बघत राहिल्या. पहिला नाच धर्मबापाबरोबर. तो नाचून मी घामाघूम होऊन ओतिलियाशेजारी येऊन बसलो. तिच्या अंगावर दोन शाली होत्या. मी थट्टेत तिचा हात धरला आणि सोडता आला नाही. गुहेतल्या भिंतीसारखा गार होता.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "ते पोतं नव्हतं."

"नव्हतं."

"कोणाचं माप होतं?"

"ओरडू नका, लोक बघतायत." ती नाचणाऱ्या पोरीकडे बघत होती. "एकदा मापाचा झगा घातलेली बाई परत पोतं घालत नाही, कोम्पाद्रे. मी चाळीस वर्षं बायका ओळखते. दुसऱ्या कोणाचं देणार होते? तुमचं? तुमची ढेरी बघून ती पळून गेली असती."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मी ते बोलायला नको होतं, ती पोत्याची गोष्ट मी तुम्हाला सांगायलाच नको होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

"बेतलं मी," ती म्हणाली. "आणि ऐका, मी काही येडी नाही. प्रत्येक शिवणीत सहा बोटं माया, जादा कापड, ठेवलीय. चांगला ढगळ आहे. तिला अंगाबरोबर करून घ्यायला वेळ लागेल."

सहा वर्षं लागली. प्रत्येक हिवाळ्यात कोमाद्रे थोडी कमी व्हायची. ती त्याची चेष्टा करायची, स्वतःचेच झगे आत घ्यायची, म्हणायची कापड वाचतंय. त्या सहा वर्षांत तिनं यारेलीला सगळं शिकवलं, बेतणं, मुंढे बसवणं, काज, बटणं मढवणं. शेवटच्या महिन्यात ती उताणी झोपायला लागली. यारेलीनं खाट फिरवली नाही. आईनंच सांगितलं होतं, फिरवू नको, थकशील.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती गेली. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. पर्यटक आता जुने फोटो आणतात आणि म्हणतात, बर्फ वितळतंय म्हणून डोंगराचा आकार बदलला. असेल. ते शिकलेले आहेत. माझ्या दारातून मला दिसतं की रोसिताचा इकडचा, उजवा खांदा पूर्वी सरळ होता आणि आता दोन बोटं खाली आहे. त्यांच्या पुस्तकांत ती झोपलेली राजकन्या आहे; कोणी विचारतं, ही राजकन्या का झोपलीय? मी म्हणतो, दमलीय.

त्या ऑगस्टमध्ये यारेलीनं झगा शिवला आणि खोका फिदेन्सिओसमोर ठेवला. म्हाताऱ्यानं झाकण उघडून बघितलं. त्यात कंबर होती, टक्स होते, बटणं होती.

"पोरी," तो म्हणाला, "हे कोणाचं माप?"

"आईचं. उजवा खांदा दोन बोटं खाली घेतलाय."

"नियम माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. जिवंत माणसाचं माप नको."

फिदेन्सिओनं झाकण लावलं. मलाच राहवलं नाही. मी विचारलं, "शिवणीत माया किती ठेवलीस?"

"नाही ठेवली, पाद्रिनो," यारेली म्हणाली. "आता तिला बरोबर बसतो."

मी खोका पाठीवर बांधला आणि आम्ही वर निघालो.